लाटेकमध्ये फॉन्टचं कुटुंब नांदवताना

सोलापुरात नव्या पेठेत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, आणि गेली काही वर्षं पीएचडीचे प्रबंध. प्रबंध मी लाटेकमध्ये लावते, म्हणजे मजकुरातच आज्ञा टंकून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत. प्रबंधाची मुलं अक्कलकोट, पंढरपूर, मंगळवेढा अशी कुठूनही फोन करतात, "मॅडम, ठळक अक्षर येईना!" मग मी फोनवरच आज्ञा सांगते. इथंही तशाच, बोलल्यासारख्या लिहिणार आहे. तुम्ही फाइलमध्ये त्या रोमन लिपीत, आधी बॅकस्लॅश देऊन आणि मध्ये जागा न सोडता टंकायच्या. आज्ञा छोट्या अक्षरांत. चौकटी कंसातले पर्याय मात्र पहिलं अक्षर मोठं घेतात, आणि दोन-तीन शब्द जोडलेले असतील तर प्रत्येकाचं, जसं बोल्डफॉन्टमध्ये बी आणि एफ दोन्ही मोठे.

आधी एक गोष्ट पक्की करा. मराठीसाठी जुनं पीडीएफलाटेक घेऊन बसू नका. झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या (फाइलची पीडीएफ करणारे हे लाटेकचे नवे प्रकार), मी झीलाटेक वापरते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेली फाइल असेल तर ती आधी बदलून घ्या, नाहीतर पानभर परकी चिन्हं उमटतात आणि मुलं म्हणतात फॉन्ट बिघडलाय.

आता फॉन्टचं कुटुंब म्हणजे काय? एकाच फॉन्टची साधी, ठळक, तिरकी अशी रूपं. माझे वडील छापखान्यात खिळेजुळारी होते. जाड टाइपाची केस वेगळी, साध्याची वेगळी. जाड टाइप संपला की समोर रिकामा कप्पा दिसायचा, काम थांबायचं. लाटेकमध्ये काम थांबत नाही, आणि खरी गोची तिथंच आहे. कुटुंबात जाड भाऊ नसला तर लाटेक गुपचूप साध्यालाच त्याच्या जागी उभा करतं. पीडीएफ तयार होते, लाल अक्षरात काही येत नाही, आपण खूश.

माझी फजिती अशीच झाली. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट दिसायला फार देखणा. त्यात श आणि ल आपल्या मराठी वळणाचे येतात, वेगळं काही सांगावं लागत नाही. मी त्यात एक प्रबंध लावला, पाच प्रती छापल्या, रेक्झिन बाइंडिंग आणि वर सोनेरी अक्षरं. दोन दिवसांनी मार्गदर्शकांचा निरोप आला, "परिभाषेतले शब्द ठळक करा म्हटलं होतं, विसरलात का?" विसरले नव्हते हो, प्रत्येक ठिकाणी टेक्स्टबीएफ ही ठळक करायची आज्ञा घातली होती. पण टिरोच्या कुटुंबात साधा आणि तिरका असे दोनच आहेत, ठळक नाहीच! पाच बाइंडिंग परत उसवली, खर्च माझा.

तेव्हापासून फॉन्ट निवडायच्या आधी मी माणसं मोजते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या मुक्ताला बारीक ते अतिजाड अशी सात वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत, शीर्षकांना झकास. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका प्रबंधाच्या मजकुराला मला सगळ्यात आवडतो. त्यात साधा आणि ठळक आहे, तिरका नाही. म्हणजे टिरोच्या उलटं. एकाच घरात सगळे असे देवनागरीत क्वचित मिळतात.

आता बसवूया. तुमच्या प्रबंधाच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर करा, रोमनमध्ये, छोट्या अक्षरात. त्यात शोभिकाच्या दोन ओटीएफ फाइली ठेवा, शोभिका-रेग्युलर आणि शोभिका-बोल्ड. सुरुवातीच्या भागात यूजपॅकेज करून फॉन्टस्पेक, म्हणजे फॉन्ट बसवायची पुरवणी, मागवा. मग सेटमेनफॉन्ट, महिरपी कंसात शोभिका, आणि त्यापुढे चौकटी कंसात एकेक पर्याय स्वल्पविराम देत लिहायचा. पाथ बरोबर टिंब, तिरपी रेघ, फॉन्ट्स, पुन्हा तिरपी रेघ. ही शेवटची रेघ विसरू नका, ती नसली की फाइल सापडत नाही. एक्स्टेन्शन बरोबर टिंब ओटीएफ. अपराइटफॉन्ट बरोबर तारांकन, डॅश, रेग्युलर. बोल्डफॉन्ट बरोबर तारांकन, डॅश, बोल्ड. तारांकनाच्या जागी तो कुटुंबाचं नाव आपण होऊन घालतो.

फॉन्ट कॉम्प्युटरवर बसवून नुसतं नाव दिलं तरी चालतं, मग पाथ नको. पण मुलाच्या लॅपटॉपवर चाललेली फाइल माझ्याकडं उघडत नाही, ती ओव्हरलीफवर, म्हणजे लाटेक ऑनलाइन चालवायच्या संकेतस्थळावर, चढवली तर तिथंही नाही. फोल्डरमधल्या फाइली कुठंही सोबत जातात. एक सावधगिरी ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. फाइलचं नाव जसंच्या तसं.

याच चौकटी कंसात स्क्रिप्ट बरोबर देवनागरी लिहायलाच हवं. हे राहिलं की पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, रफार वर चढत नाही, जोडाक्षरं सुटी पडतात. मुलं मग पुन्हा सगळं टंकायला लागतात, रात्ररात्र. टंकलेलं बरोबरच असतं, एक शब्द घाला. लँग्वेज बरोबर मराठी हेही घालून बघा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात श, ल मराठी वळणाचे होतात, नसेल तर इशारा येतो, बाकी काही बिघडत नाही.

राहिला तिरका. संदर्भसूचीत पुस्तकांची नावं तिरकी करायची पद्धत इंग्रजीतून आली. देवनागरी कलती केलेली मला तरी पटत नाही, वाऱ्यानं वाकलेली ज्वारी वाटते. पण विद्यापीठाच्या नियमात असलं तर ऑटोफेकस्लँट बरोबर ०.१५ द्या, मूळ ०.२ पेक्षा बेतानं कलतं. नियम नसेल तर इटॅलिकफॉन्टलाच तारांकन, डॅश, बोल्ड लावा. मग तिरक्याच्या जागी ठळक येतं, निदान वेगळेपण दिसतं. ऑटोफेकबोल्ड नावाचंही एक आहे, पण ते अक्षराला बाहेरून रंग थापतं. क्ष, ज्ञ, ष्ट यांची पोटं भरून जातात. टिरोसाठी मी ते एकदा केलं होतं, छापून आल्यावर पुन्हा नाही.

सोलापूरचं म्हणून एक खास. इथं सिद्धरामेश्वरांवर अभ्यास करणारी मुलं बरीच, आणि बाराव्या शतकातली त्यांची वचनं कन्नडमध्ये. शोभिकात कन्नड अक्षरं नाहीत, तिथं कोरी जागा किंवा चौकोन येतो. त्यासाठी न्यूफॉन्टफॅमिली, मग महिरपी कंस न देता बॅकस्लॅश कन्नडफॉन्ट, मग चौकटी कंसात स्क्रिप्ट बरोबर कन्नड आणि स्केल बरोबर ०.९५, शेवटी महिरपी कंसात नोटो सेरिफ कन्नड. इथं नुसतं नाव दिलंय, म्हणून हा फॉन्ट कॉम्प्युटरवर बसवलेला हवा. वचनाभोवती महिरपी कंस घालून आत आधी कन्नडफॉन्ट लिहिलं की झालं. ०.९५ हा माझ्या डोळ्याचा अंदाज, तुम्ही दोन ओळी छापून ठरवा. तेलुगू पत्रिकेलाही हीच युक्ती, फॉन्टचं आणि स्क्रिप्टचं नाव तेवढं बदलायचं.

सगळं लावून झालं की थेट प्रबंध चालवू नका. एका कोऱ्या फाइलमध्ये हे शब्द टंका: दुसऱ्या, वर्ष, सिद्धरामेश्वर, शेंगा, लक्ष्मी, किल्ल्यांत. चार ओळी करा, साधी, ठळक, तिरकी आणि दोन्ही मिळून. झीलाटेक चालवा आणि टिंब लॉगनं संपणारी फाइल उघडून त्यात फॉन्ट शेप हे शब्द शोधा. पुढं अनडिफाइन्ड दिसलं की त्या कुटुंबातलं कुणीतरी गैरहजर आहे. मिसिंग कॅरॅक्टर दिसलं तर ते अक्षरच त्या फॉन्टात नाही. मग पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. ठळक ओळ आहे आणि यादीत शोभिका-बोल्ड नाही, तर ती ओळ ठळक नाही, स्क्रीनवर कशीही दिसो.

एवढं करूनही अडलं तर फोन करा, पण लॉगमधली ती ओळ समोर ठेवून. आणि दुपारी दोन ते चार नको, सोलापूरच्या उन्हात तेव्हा शटर खाली असतं.