चौकटींच्या कोड्यात शत्रू कसा चालवावा

चौकटींचं कोडं, म्हणजे एकेक चौकट सरकत शत्रूला चुकवायचा खेळ, रचायला बसलं की पहिला मोह होतो शत्रूला हुशार करण्याचा. मे महिन्यात कोल्हापुरात आमच्या घरी गल्लीतली पोरं जमतात, गणिताच्या चौकटीच्या वहीवर खेळ आखतात, आणि दरवर्षी कुणीतरी कुणालाच न सोडणारा शत्रू घेऊन येतं. दोन डावांत सगळे कंटाळतात. कोड्यातला शत्रू कळायला हवा. त्याची दहा पावलं बघितली की अकरावं खेळणाऱ्याला सांगता यावं. मग खेळणाऱ्याचं डोकं चालायला लागतं आणि खरी मजा तिथं आहे.

संगणकाला हात लावायच्या आधी हे सगळं कागदावर करा. वही, पेन्सिल, शत्रू म्हणून चिंचोका, खेळाडू म्हणून शर्टाचं बटण. चिंचोक्याच्या एका कडेला पांढरा ठिपका द्या. ते त्याचं तोंड.

पायरी १ : तोंड ठरवा

एका पावलात एकच चौकट, तिरकं जायचं नाही. दिशांना आकडे द्या : वर ०, उजवीकडे १, खाली २, डावीकडे ३. शत्रूने उजवीकडे वळायचं तर आकड्यात १ मिळवा, डावीकडे वळायचं तर ३, मागे फिरायचं तर २. मग ४ ने भागून बाकी घ्या. पुढे प्रोग्रॅम लिहिताना वळण्याचं सगळं काम या एका ओळीत होतं.

पायरी २ : अडल्यावर काय, ते लिहा

शत्रूचा स्वभाव म्हणजे त्याची पसंतीची यादी. 'सरळ, नाहीतर मागे' एवढंच लिहिलं की भिंतीवर आपटून परतणारा चेंडू तयार. 'सरळ, डावीकडे, उजवीकडे, मागे' लिहिलं की अडेल तिथे डावीकडे वळणारा. १९८९ सालच्या 'चिप्स चॅलेंज' या खेळात बहुतेक प्राणी अशाच याद्यांवर चालतात आणि तेवढ्यावर शंभराहून जास्त पातळ्या उभ्या आहेत. कुणाला पाणी चालतं, कुणाला आग, एवढाच काय तो वरचा फरक.

पायरी ३ : भिंत धरून चालणारा

हा माझा सगळ्यात आवडता. यादी अशी : उजवीकडे, सरळ, डावीकडे, मागे. म्हणजे दर पावलाला आधी उजवा हात मोकळा आहे का ते बघायचं. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच हे : गाभारा कायम उजव्या हाताला.

वहीत मधोमध एकच चौकट काळी करा, तो खांब. चिंचोका त्याच्या डाव्या बाजूच्या चौकटीत ठेवा, तोंड वर. उजवीकडे खांब आहे, म्हणून सरळ. आता उजवी बाजू मोकळी झाली, म्हणून वळून पाऊल. आता पुन्हा उजवीकडे खांब, म्हणून सरळ. असं करत ८ पावलांत चिंचोका होता तिथे परत येतो. याचा अर्थ वाटेवरच्या कुठल्याही चौकटीत तो दर ८ पावलांनी एकदाच असतो, आणि बटणाने कधी घुसायचं हे मोजता येतं. त्याच वाटेवर समोरासमोर दुसरा चिंचोका ठेवला की मोकळीक निम्म्यावर येते. नियम तोच, कोडं मात्र दुप्पट अवघड.

आता तोच चिंचोका चारी बाजूंनी बंद खोलीत भिंतीला लावून सोडा. खांबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा हा इथे उलटा फिरतो. पोरांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक जण ओरडला, "ह्यो उलटा का फिरालाय?" मी काही बोललो नाही. त्याने उजवा हात भिंतीला लावला, खोलीभर एक फेरी मारली आणि स्वतःच हसायला लागला.

एक खबरदारी घ्या. आसपास एकही भिंत नसेल तर हा दर पावलाला उजवीकडे वळतो आणि ४ चौकटींतच गरगरत बसतो. त्याला नेहमी भिंतीला लावूनच सोडा.

पायरी ४ : पाठलाग करणारा

ओळींचा फरक मोजा, रकान्यांचा फरक मोजा, मोठा असेल त्या दिशेने जा. शत्रू ओळ २, रकाना ३ मध्ये आणि बटण ओळ ७, रकाना ५ मध्ये असेल तर फरक ५ आणि २, म्हणून खाली. खाली भिंत असेल तर उजवीकडे. दोन्ही अडलं तर जागेवरच थांबायचं. फरक सारखे आले तर काय, हेही आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक डावाला वेगळं उत्तर निघतं.

याला भिंतीला वळसा घालायची अक्कल देऊ नका. वाटीसारख्या भिंतीत तो अडकून बसतो, आणि त्याला तिथे आणून अडकवणं हेच कोडं होतं. वेगही निम्मा ठेवा : बटणाची दोन पावलं, त्याचं एक. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये लाल भूत खेळाडूच्याच चौकटीवर नेम धरतं, गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोर ४ चौकटी पुढे. वाट निवडायची रीत दोघांची एकच. फक्त लक्ष्य बदललं, तरी दोन वेगळे स्वभाव वाटतात.

फाशावर चालणारा शत्रू मी कोड्यात घेत नाही. नीट विचार करून टाकलेलं पाऊल दैवाने फुकट जावं, हे खेळणाऱ्यावर अन्याय करणारं आहे.

पायरी ५ : आधी कोण हलणार

चिंचोका आणि बटण शेजारी, तोंडं समोरासमोर. दोघे एकदमच हलले तर जागांची अदलाबदल होते, एका चौकटीत दोघे कधीच येत नाहीत आणि बटण शत्रूतून आरपार निघून जातं. म्हणून आधी खेळाडू हलवा, टक्कर तपासा, मग शत्रू हलवा, पुन्हा तपासा. शत्रू अनेक असतील तर त्यांनाही क्रमांक द्या आणि त्याच क्रमाने चालवा.

आता वही दुसऱ्या कुणाच्या तरी पुढे ठेवा. नियम सांगू नका, फक्त चिंचोका चालवत राहा. त्याच त्या जागी खेळणारा तीनदा मेला तर नकाशा बदला, नियमाला हात लावू नका. आणि तुम्ही चिंचोका उचलायच्या आधीच खेळणारा "थांब, आता तो वळणार" म्हणाला, की संगणक चालू करा.