उंदराच्या सापळ्यावर धावणारी गाडी: बांधणी, मोजमाप आणि दोषांचा शोध

लाकडी पाट्यावर बसवलेला स्प्रिंगचा सापळा विल्यम हूकर यांच्या नावे १८९४ साली अमेरिकेत पेटंट झाला. त्याची रचना एकाच हेतूने केलेली आहे: स्प्रिंगमध्ये साठलेली सगळी ऊर्जा पापणी लवायच्या आत मोकळी व्हावी. विज्ञान स्पर्धेतल्या गाडीला मात्र नेमके याच्या उलट हवे असते. तीच ऊर्जा, आणि ती एकदाच मिळणार असल्याने तेवढीच, दहा-पंधरा मीटरभर पुरवून वापरायची असते. सापळ्याच्या झटकन मिटणाऱ्या तारेला एक दांडा जोडलेला असतो, तो चाकांच्या आसावर गुंडाळलेला दोरा ओढतो, आणि दोरा उलगडताना आस व चाके फिरून गाडी पुढे जाते. त्यामुळे या गाडीच्या बांधणीत दोनच प्रश्न खरे महत्त्वाचे ठरतात. स्प्रिंगची ऊर्जा किती सावकाश खर्च करायची हा पहिला, आणि वाटेत ती किती कमी वाया जाऊ द्यायची हा दुसरा. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच प्रश्नात रमतात आणि लांबलचक दांडा लावून मोकळे होतात. गाड्या अडतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नापाशी. म्हणून माझा आग्रह असा की सापळा सर्वांत शेवटी बसवावा, आणि नुसती चार चाकांची चौकट निर्दोष धावू लागेपर्यंत त्याला हातही लावू नये.

सुरुवातीला स्पर्धेची नियमावली बारकाईने वाचावी. सापळ्यात बदल करण्याची मुभा आहे का, गाडी धक्का न देता स्वतःहून सुटली पाहिजे का, आणि गुण अंतराला आहेत, वेगाला आहेत की ठरलेल्या रेषेवर अचूक थांबण्याला आहेत, यावर पुढची सगळी मापे ठरतात. खाली मुख्यतः अंतराच्या गाडीचा विचार केला आहे.

चाके, आस आणि चौकट

मागच्या, म्हणजे चालक चाकांसाठी जुन्या सीडी सोयीच्या असतात, कारण त्या वजनाने हलक्या, काटेकोर गोल आणि १२ सेंटीमीटर व्यासाच्या असतात. अडचण त्यांच्या मधल्या छिद्राची आहे. ते १५ मिलिमीटरचे असते आणि आस तीन ते पाच मिलिमीटरचा. ही पोकळी रबरी वॉशरने किंवा लाकडाच्या गोल चकतीने भरावी, आणि चकतीचे छिद्र अगदी मध्यावर पाडावे. छिद्र एक मिलिमीटरने जरी सरकले, तरी चाक प्रत्येक फेऱ्यात गाडीला वरखाली उचलते आणि त्या उचलण्यात ऊर्जा जाते. चाक आसावर चिकटवण्यापूर्वी आस बोटांत धरून फिरवावा आणि चाकाच्या कडेजवळ पेन्सिलचे टोक स्थिर धरून पाहावे. कड आणि टोक यांतले अंतर फेराभर सारखे राहिले तरच गोंद लावावा.

आस चौकटीतून जातो तिथे पितळेची बारीक नळी बसवावी. नळीचा आतला व्यास आसापेक्षा किंचितच मोठा असावा, म्हणजे आस डगमगणार नाही आणि अडकणारही नाही. बॉल बेअरिंग वापरायचे असल्यास त्यातले दाट ग्रीस काढून टाकावे. ते जड यंत्रांसाठी भरलेले असते आणि एवढ्या हलक्या गाडीला चिखलासारखे धरून ठेवते. चाक आणि चौकट एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये लहान, गुळगुळीत वॉशर घालावा.

चौकट बाल्सा लाकडाची किंवा हलक्या पट्ट्यांची चालते. तिने दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत: दोरा ताणल्यावर ती वाकू नये, आणि दोन्ही आस एकमेकांना समांतर राहावेत. समांतरपणाचे महत्त्व आकड्यांतच कळते. पुढच्या आसाच्या दोन आधारांत १० सेंटीमीटरचे अंतर आहे आणि त्यांतला एक आधार पावणेदोन मिलिमीटर पुढे बसला आहे, असे समजू. आस तेवढ्याने एक अंशाने तिरका होतो. दोन आसांमधले अंतर ३० सेंटीमीटर असेल, तर अशी गाडी सुमारे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळू लागते आणि १० मीटर जाईपर्यंत सरळ रेषेपासून जवळजवळ तीन मीटर बाजूला गेलेली असते. डोळ्यांना न दिसणारी चूक गाडीला भिंतीवर नेऊन आदळते. म्हणून आधार चिकटवताना डाव्या चाकांच्या मध्यांतले आणि उजव्या चाकांच्या मध्यांतले अंतर मोजून जुळवावे. एका आधाराची खाच थोडी लांबट ठेवली तर पुढे स्पर्धेच्या दिवशीही आस सूक्ष्म सरकवता येतो.

उताराची चाचणी

आता सापळ्याविना गाडीचे घर्षण मोजावे. त्यासाठी एक मीटर लांबीची गुळगुळीत फळी आणि पट्टी पुरेशी आहे. सापळ्याच्या वजनाइतके ओझे गाडीवर ठेवून ती फळीवर ठेवावी, फळीचे एक टोक थोडे थोडे उचलत जावे, आणि प्रत्येक वेळी गाडीला बोटाने अगदी हलका स्पर्श करावा. ज्या उंचीला गाडी वेग न वाढवता आणि न घटवता एकसारखी घरंगळते ती उंची नोंदवावी. १०० सेंटीमीटर लांबीच्या फळीला ही उंची ३ सेंटीमीटर आली, तर गाडीच्या वजनाच्या सुमारे तीन शतांश इतके बल तिला सतत अडवते आहे. १५० ग्रॅमच्या गाडीसाठी हे बल सुमारे ०.०४४ न्यूटन होते.

स्प्रिंगची ऊर्जाही घरी मोजता येते. सापळ्याच्या तारेच्या टोकाला ताणकाटा (ओढून बल मोजायचा स्प्रिंगचा काटा) अडकवून तारेशी काटकोनात ओढावे आणि पाच वेगवेगळ्या कोनांवरचे वाचन घ्यावे. रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली मांडलेला नियम इथे पिळाच्या रूपात दिसतो, म्हणजे कोन वाढेल त्या प्रमाणात बल वाढत जाते. समजा सरासरी ५ न्यूटन आली आणि तार ५ सेंटीमीटर लांब आहे. सरासरी टॉर्क, म्हणजे बल गुणिले तारेची लांबी, ०.२५ न्यूटन-मीटर झाला, आणि अर्ध्या फेऱ्यात म्हणजे ३.१४ रेडियन इतक्या कोनात सुमारे ०.७८ जूल ऊर्जा मिळाली. तिला ०.०४४ ने भागले की जास्तीत जास्त अंतर मिळते: साधारण पावणेअठरा मीटर. उताराची उंची ३ वरून २ सेंटीमीटरवर आणता आली, तर त्याच सापळ्यावर हीच मर्यादा साडेसव्वीस मीटरपर्यंत जाते. दांडा कितीही लांब केला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. माझ्या मते या एका चाचणीवर दिलेली संध्याकाळ पुढच्या आठवडाभराची खटपट वाचवते.

दांडा, दोरा आणि आस यांचे गणित

सापळ्यावर काम करताना तार कधीही ताणलेल्या अवस्थेत सोडून बाजूला जाऊ नये, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि बोटे तारेच्या वाटेत येऊ देऊ नयेत. दांडा जोडल्यावर धोका कमी न होता वाढतो, कारण त्याचे टोक चेहऱ्यापर्यंत पोहोचते. नियम परवानगी देत असतील तर आमिषाची पट्टी आणि तार अडवून ठेवणारी कडी काढून टाकावी. त्यानंतर हलका पण ताठ दांडा, शक्यतो कार्बन फायबरची किंवा पितळेची बारीक नळी, तारेला झिप टायने घट्ट बांधून वर इपॉक्सी लावावे. नुसता गोंद इथे टिकत नाही.

सापळा पुढच्या बाजूला आणि चालक आस मागे, अशी रचना सोपी पडते. दांडा मागे पूर्ण दाबला की त्याचे टोक चालक आसाच्या बरोबर वर यावे. ते आसाच्या पलीकडे गेले तर सुरुवातीची ओढ वाया जाते. दांडा मागून पुढे अर्धवर्तुळ फिरतो, त्यामुळे तो दांड्याच्या लांबीच्या सुमारे दुप्पट दोरा ओढतो. आसावरून जेवढा दोरा सुटतो, त्याला चाकाचा व्यास भागिले आसाचा व्यास या गुणोत्तराने गुणले की ओढीखाली कापलेले अंतर मिळते. २५ सेंटीमीटरचा दांडा, ५ मिलिमीटरचा आस आणि १२ सेंटीमीटरचे चाक असेल, तर ५० गुणिले २४ म्हणजे १२०० सेंटीमीटर, अर्थात १२ मीटर. ०.७८ जूल १२ मीटरवर वाटले की सरासरी ०.०६५ न्यूटन ढकलणारे बल उरते. घर्षणाचे ०.०४४ न्यूटन त्याहून कमी असल्यामुळे गाडी चालते, वेग घेते, आणि ओढ संपल्यावर त्या वेगावर आणखी साडेपाच-पावणेसहा मीटर घरंगळते.

आता दांडा ४० सेंटीमीटरचा करून पाहू. ओढीखालचे अंतर १९.२ मीटर होते, पण सरासरी बल ०.०४१ न्यूटनवर येते, म्हणजे घर्षणाच्याही खाली. अशी गाडी मध्येच थांबते आणि स्प्रिंगमधली उरलेली ऊर्जा तशीच पडून राहते. ‘दांडा जितका लांब तितके अंतर जास्त’ हा समज इथेच कोसळतो. आधी घर्षण उतरवावे, मग त्याला झेपेल तेवढाच दांडा वाढवावा.

दोरा न ताणला जाणारा, विणीचा असावा. रबरासारखा ताणला जाणारा दोरा ऊर्जा खातो. तो दांड्याच्या टोकाला बांधावा, पण आसाला कधीही बांधू नये. आसावर एक बारीक खिळी बसवून दोऱ्याचा फास तिच्यात नुसता अडकवावा, आणि दोऱ्याची लांबी अशी ठेवावी की दांडा पुढे पूर्ण पोहोचण्याच्या किंचित आधी फास खिळीतून निसटेल. आसाला गाठ मारलेली असली, तर गाडी वेगात असतानाच दोरा उलटा गुंडाळला जातो आणि ब्रेक लावल्यासारखी गाडी थांबते. दोरा गुंडाळताना वेढे शेजारीशेजारी घालावेत. वरच्या हिशेबात आसावर सुमारे ३२ वेढे बसतात. ते एकावर एक चढले तर आसाचा व्यास नकळत वाढतो आणि सगळे गणित बदलते. दोरा आसाच्या वरच्या बाजूने पुढे सुटला पाहिजे. खालून सुटला तर गाडी मागे पळेल, आणि असे परीक्षकांसमोर घडलेले मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

गाडी चालत नाही तेव्हा

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर किमान तीन फेऱ्या मोजून वहीत लिहाव्यात. एकाच फेरीवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

गाडी सुटतच नसेल, तर चालक चाके उचलून सापळा सोडून पाहावा. हवेत चाके मोकळी फिरत असतील, तर सुरुवातीचे बल कमी पडते आहे. अशा वेळी आसाच्या ज्या भागावर शेवटचे वेढे येतात, म्हणजे जे सुटताना सर्वांत आधी उलगडतात, तिथे टेपचे काही थर देऊन आस जाड करावा. त्याने पहिला धक्का जोरकस मिळतो आणि पुढची ओढ पूर्वीइतकीच सावकाश राहते. हवेतही चाके अडखळत असतील, तर दोष आधारांत आहे, आणि बहुधा नळीत शिरलेल्या गोंदाच्या थेंबात.

याच्या उलट, चाके जागच्या जागी गरगर फिरून गाडी हलत नसेल, तर बल जास्त आहे किंवा पकड कमी आहे. सीडीच्या कडेवर फुग्याची कापलेली पट्टी ताणून बसवावी. तेवढ्याने भागले नाही, तर सापळा थोडा मागे सरकवून वजन चालक चाकांवर आणावे किंवा दांडा वाढवावा. वेगाच्या गाडीत हा दोष नेहमीचा आहे, कारण तिथे दांडा मुद्दाम आखूड आणि आस जाड ठेवलेला असतो.

दोरा सुटतो पण चाक फिरत नाही, असे दिसले तर खिळी ढिली आहे किंवा चाक आसावर घसरते आहे. आसावर आणि चाकावर पेनाने एकच सरळ रेघ मारावी. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की घसरण नक्की झाली.

गाडी दर वेळी एकाच बाजूला वळत असेल, तर आस तिरके आहेत. कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत असेल, तर आस आधारात सैल आहे किंवा चाक डुगडुगते आहे. हा फरक ओळखल्याशिवाय आस सरकवण्याच्या भानगडीत पडू नये. वळण फक्त ओढ चालू असताना येत असेल आणि घरंगळताना गाडी सरळ जात असेल, तर दोऱ्याची ओढ चौकटीला पिळते आहे. तिथे आडवी पट्टी लावून चौकट ताठ करावी.

अचूक थांबण्याच्या स्पर्धेत हेच सगळे लागू पडते, फक्त फासाऐवजी फेरे मोजून अडवण्याची युक्ती लागते. आसाला आटे पाडून त्यावर नट सरकता ठेवतात, आणि तो ठरलेल्या फेऱ्यांनंतर चौकटीला भिडून चाक थांबवतो. १२ सेंटीमीटरच्या चाकाचा परीघ ३७.७ सेंटीमीटर असल्याने पाच मीटरसाठी सव्वातेरा फेरे होतात. अचानक अडलेले चाक जमिनीवर किती घसरते ते मात्र प्रयोग करूनच ठरवावे लागते.

स्पर्धेच्या ठिकाणची जमीन सरावाच्या जमिनीपेक्षा वेगळी असते. तिथे पोहोचल्यावर चाकांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, दोऱ्याचा फास आणि खिळी तपासावी, आणि मुभा असेल तर एक फेरी पूर्ण ताकदीने घेऊन पुढचा आस सुधारावा. जवळ बदली दोरा, टेप आणि इपॉक्सी असू द्यावे, आणि सापळा आपला क्रमांक पुकारला जाईपर्यंत ताणू नये.