विमानाला खरंच किती वेळ लागेल?
तिकिटावरच्या दोन वेळा थेट वजा करू नका. त्या त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचलात, तर ३ तास दिसतात. पण घड्याळांतला ५ तासांचा फरक धरला की प्रवास ८ तासांचा.

अंदाज हवा असेल तर किलोमीटरमधल्या हवाई अंतराला ८५० ने (विमानाचा ताशी वेग) भागा आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळवा. इथे अंतर साधारण ५,५५० किलोमीटर, म्हणजे सुमारे ७ तास. मग जाताना जास्त का? वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते समोरून येतात. परतीला तेच वारे पाठीशी! उतरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर ते ठरवताना नेहमी लांबणारी वेळच धरा.