एनएफएलच्या स्काउटिंग प्रमुखाचं काम कसं जोखावं

दर एप्रिलमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे ३२ क्लब कॉलेजातून येणारे खेळाडू सात फेऱ्यांत निवडतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात तळाला राहिलेला क्लब आधी निवडतो, आणि २०११ च्या करारापासून कितव्या क्रमांकाच्या खेळाडूला साधारण किती पगार द्यायचा हेही ठरलेलं आहे. ड्राफ्टच्या दिवशी मालकाच्या पैशाचा फारसा उपयोग नसतो. कामाला येते ती पारख. म्हणून ही पारख करणाऱ्या माणसाचं, म्हणजे स्काउटिंग प्रमुखाचं, काम बाहेरून बऱ्यापैकी तपासता येतं, मात्र त्यासाठी घाई टाळावी लागते.

पायरी १ : निर्णय कोणाचा होता ते आधी शोधा

हुद्द्यावरून काहीच ठरवू नका. डॅलस काउबॉइजमध्ये मालक जेरी जोन्स स्वतःच जनरल मॅनेजर, म्हणजे संघ उभारणारे प्रमुख, आहेत. न्यू इंग्लंडमध्ये बिल बेलिचिक मुख्य प्रशिक्षक असताना शेवटचा शब्द त्यांचाच असे. इतर अनेक क्लबांत ५३ जणांच्या संघाबद्दल अंतिम अधिकार कोणाचा, हे नेमणुकीच्या वेळीच जाहीर होतं. त्या वेळच्या बातम्या उघडून पाहा.

श्रेय वाटताना किती गुंता होतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) पॅट्रिक महोम्स. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने दुसऱ्या क्लबशी निवडींची अदलाबदल करून २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारली आणि त्याला घेतलं. तेव्हा जनरल मॅनेजर होते जॉन डॉर्सी. जूनमध्ये त्यांना काढलं गेलं आणि जुलैत ब्रेट वीच त्या खुर्चीवर आले. महोम्ससाठी आतून आग्रह धरणारे वीचच होते. आता ही निवड कोणाच्या खात्यात टाकायची? आमच्या मते दोघांच्याही, अर्धी-अर्धी. सही करणाऱ्याने जोखीम घेतली होती, आणि शोधणाऱ्याने खेळाडू ओळखला होता.

पायरी २ : चार वर्षं थांबा

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी मिळणारे गुण विसरा. नव्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी क्लबकडे पाचव्या वर्षाचा पर्याय असतो आणि तो वापरायचा की नाही, हे तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यापर्यंत ठरवावं लागतं. हा निर्णय म्हणजे क्लबने स्वतःच्याच निवडीला दिलेला पहिला खरा शेरा. तो जरूर नोंदवा. पूर्ण हिशेब मात्र चौथा हंगाम संपल्यावरच करा.

पायरी ३ : अपेक्षा मोजा, मग कामगिरी

बहुतेक लोक चुकतात ते इथे. पाचव्या क्रमांकाचा खेळाडू चांगला निघाला म्हणून पाठ थोपटतात आणि १५० व्या क्रमांकाचा गेला म्हणून बोट दाखवतात. प्रश्न असा हवा : त्या जागेवरून साधारणपणे काय मिळतं, आणि या माणसाने काय मिळवलं?

समजा ६० व्या क्रमांकाची निवड तपासायची आहे. ५२ ते ६८ या क्रमांकांवर मागच्या दहा ड्राफ्टमध्ये निवडलेले खेळाडू घ्या, मात्र ज्यांची चार वर्षं पूर्ण झाली आहेत असेच ड्राफ्ट धरा. १७ जागा आणि १० वर्षं, म्हणजे १७० नावं. प्रत्येकाने पहिल्या चार हंगामांत किती सामन्यांत सुरुवातीपासून मैदानावर जागा मिळवली, ते लिहा. २०२१ पासून हंगामात १७ सामने आहेत, म्हणजे कमाल ६८. त्याआधी १६ होते, म्हणून आकडे टक्क्यांत मांडा. या यादीचा मध्य (आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) ही तुमची अपेक्षा. सरासरी घेऊ नका. चार-दोन तारे ती वर ओढतात.

यात दोन सुधारणा लागतात. दुबळ्या संघात सामान्य खेळाडूलाही जागा मिळते, म्हणून दुसऱ्या कराराचा वेगळा रकाना ठेवा. आणि तो करार दुसऱ्या क्लबने दिला असेल तर त्याला अपयश समजू नका. चांगला खेळाडू मोठ्या पगारावर बाहेर गेला, तर जुन्या क्लबला अनेकदा पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईची निवड मिळते. निवड बरोबरच होती, फक्त क्लबच्या एकूण पगारांवरच्या वेतनमर्यादेत तो बसला नाही.

क्वार्टरबॅकचा हिशेब मात्र वेगळा ठेवा. या एका जागेवरचा माणूस सगळ्या संघाचे आकडे बदलतो. म्हणून सगळं गणित दोनदा करा, एकदा त्याला धरून आणि एकदा वगळून. वगळल्यावर ज्याचा तक्ता कोसळतो, त्याच्या हातून एकच मोठं काम झालेलं असतं.

पायरी ४ : नशीब वजा करा

जनरल मॅनेजरच्या वाट्याला चार वर्षांत साधारण २८ निवडी येतात. पहिल्या फेरीतल्या त्यातल्या फक्त चार. पहिल्या फेरीतली निवड यशस्वी ठरण्याची शक्यता निम्मी धरली, तर हे चार वेळा नाणं उडवण्यासारखं झालं. तीन किंवा चार वेळा छापा पडण्याची शक्यता १६ पैकी ५. म्हणजे ३२ ही क्लबांत अगदी सामान्य माणसं बसवली, तरी दहा जण ‘पारखी’ दिसतील! केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टचे आकडे तपासले, तेव्हा निवडलेला खेळाडू मैदानावरच्या त्याच जागेसाठी त्याच्या लगेच मागून निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याचं प्रमाण जेमतेम ५२ टक्के निघालं.

टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडने त्याच्याआधी सहा खेळाडू घेतले होते. तो काय होणार हे खरोखर कळलं असतं, तर कोणी सहा वेळा थांबलं नसतं. उशिराच्या फेरीतला तारा हा पारखीचा कमी आणि योगाचा जास्त पुरावा असतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत वर्षानुवर्षं कामाची माणसं मिळत असतील, तर मात्र ते गंभीरपणे घ्या.

पायरी ५ : अदलाबदली तपासा

खेळाडू ओळखणं आणि किंमत ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये बाराव्या क्रमांकासोबत पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड देऊन तिसरा क्रमांक मिळवला आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्सला घेतलं. तो त्यांच्यासाठी चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर तो डॅलसला गेला. याच मंडळींनी २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर दुसरा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला घेतलं, आणि त्याच्यासह २०२३ च्या हंगामात अंतिम सामना गाठला. पर्डीमुळे लान्सचा व्यवहार धुऊन निघत नाही. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

किंमत मोजायला प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात डॅलसमध्ये तयार झालेला जुना तक्ता प्रसिद्ध आहे. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण आणि सोळाव्याला १०००. देवघेव समजायला तो उपयोगी आहे, पण वरच्या क्रमांकांना तो फार भाव देतो. त्या तक्त्यावर ‘बरोबरीचा’ दिसणारा सौदा अनेकदा वर सरकणाऱ्याला महाग पडतो.

पायरी ६ : पहिल्या फेरीच्या पलीकडे बघा

लॉस एंजेलिस रॅम्सने २०१७ ते २०२३ या सात ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही निवड केली नाही. त्यांचे जनरल मॅनेजर लेस स्नीड यांचं मोजमाप फक्त त्या फेरीवर केलं, तर कागद कोरा राहील. त्याच काळात तिसऱ्या फेरीत कूपर कप हा खेळाडू मिळाला आणि पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर, पुका नाकुआ. त्याने पहिल्याच हंगामात १०५ झेल घेत १४८६ यार्ड कमावले. ज्या जागा होत्या त्यांतून काय काढलं, हेच मोजायचं.

ड्राफ्टमध्ये न निवडले गेलेले, दुसऱ्या क्लबने सोडलेले आणि सरावाच्या तुकडीतून वर आलेले खेळाडू यांचा वेगळा तक्ता करा. हे काम व्यावसायिक स्काउटिंग विभागाचं, म्हणजे आधीच व्यावसायिक झालेल्या खेळाडूंवर नजर ठेवणाऱ्यांचं, असतं. ड्राफ्टमध्ये कमी पडलेला प्रमुख इथे भरून काढताना दिसू शकतो.

शेवटी प्रत्येक निवडीपुढे मैदानावरच्या त्याच जागेसाठी नंतर निवडल्या गेलेल्या पाच खेळाडूंची नावं लिहून ठेवा. ही यादी ड्राफ्टच्या आठवड्यातच करा. चार वर्षांनी केली, तर तुम्ही नकळत फक्त गाजलेली नावं निवडाल आणि सगळं गणित बिघडेल. दर फेब्रुवारीत, हंगाम संपला की, सगळे रकाने भरून घ्या.