भाऊ अबोल्यातच गेला, आता समेट कसा करायचा?

वेंगुर्ल्याकडे कॅथलिक घरांत जमिनीपायी भावाभावांत अबोला असतो नि त्यातला एक जातो, मग मागे राहिलेला विचारतो, आता माफी मागू कुणाकडे. आधी कन्फेशनला, म्हणजे चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला जा, आणि फादरना "भांडलो" असं मोघम नको, काय बोललात ते स्पष्ट सांगा. 1 ते 8 नोव्हेंबरात सिमेट्रीत (दफनभूमीत) जाऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा, 2 तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, चर्चमध्ये मिस्सा (मुख्य उपासना) असते तिला त्याचं नाव द्या, कॅथलिक श्रद्धेप्रमाणे पर्गेटरीतल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या आत्म्याला आपल्या प्रार्थनेची मदत होते, म्हणजे खरंच उशीर झालेला नाही. आणि त्याची बायकोपोरं आहेत ना, बायबलात मत्तय 5:24 मध्ये आधी समेट मग अर्पण असंच सांगितलंय, तर मिस्सेआधी त्यांच्या घरी जा, फोनवर नको, आणि जमिनीचा विषय त्या दिवशी काढूच नका.