व्हेगन राहून मैदान मारायचं असेल तर (खास नागपूरच्या पोरापोरींसाठी)

मानकापूरच्या ट्रॅकवर नाहीतर फुटाळ्याच्या रोडवर पळणाऱ्या पोरांमध्ये आजकाल हा विषय हमखास निघते, की दूध-दही-अंडं-चिकन सगळंच सोडलं तर ताकद टिकते का. टिकते ना भाऊ. अमेरिकेचा धावपटू कार्ल लुईसने 1991 मध्ये टोकियोत 100 मीटर 9.86 सेकंदात मारून वर्ल्ड रेकॉर्ड केला, तेव्हा तो 30 वर्षांचा होता अन् व्हेगन खात होता. व्हेगन खाणाऱ्या स्कॉट ज्युरेकने अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स ही 100 मैलांची रेस 1999 ते 2005 सलग सात वेळा जिंकली. व्हेगन स्ट्राँगमॅन पॅट्रिक बाबूमियान 2013 मध्ये टोरांटोत 550 किलो खांद्यावर घेऊन 10 मीटर चालला. अन् आपल्या मुंबईचा व्हेगन गिर्यारोहक कुंतल जोयशर 2016 मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आला. विराट कोहलीचं उदाहरण मात्र देऊ नका, तो अंडी खातो अन् मी व्हेगन आहे असं कधी म्हटलंच नाही हे त्याने स्वतःच 2021 मध्ये क्लिअर केलं.

आपल्याकडे मटण सोडणं फार अवघड नाही, घरोघरी शाकाहारी खेळाडू आहेतच. खरी गोची दुधाची आहे. चहा, दही, ताक, पनीर, वरणावरचं तूप, जिममधला व्हे पावडर, सगळं दुधाचंच. हे एकदम बंद केलं अन् जागेवर काही आणलं नाही तर दोन महिन्यांत वजन उतरते, टायमिंग बिघडते, मग सगळे म्हणतात बघा सांगितलं होतं. म्हणून सीझन चालू असताना हा प्रयोग करू नका, ऑफ सीझनला करा, आधी व्हे अन् पनीर काढा, चहातलं दूध सगळ्यात शेवटी.

सुरू करायच्या आधी रक्त तपासा: व्हिटॅमिन बी12, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी. तीन महिन्यांनी परत. यातल्या बी12 ला पर्याय नाही, कोणत्याच डाळीत-भाजीत ते भरवशाचं मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते, किती पॉवरची ते डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील. आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांचंही बी12 बरेचदा कमीच निघते, त्यामुळे इथं हिरोगिरी नको. व्हिटॅमिन डी ची म्हणजे डी3 ची गोळी बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनते, व्हेगनवाली पाहिजे तर लेबल वाचून घ्या.

आता प्रोटीन. मेहनत करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.4 ते 2 ग्रॅम लागते, म्हणजे 60 किलोच्या पोराला 84 ते 120. ऐकायला जास्त वाटते पण हिशोब करा: 50 ग्रॅम सोयाबीन वडी 26, दिवसभरात मिळून 100 ग्रॅम कच्ची तूरडाळ 21-22, 50 ग्रॅम फल्लीदाणे (शेंगदाणे) 12-13, 50 ग्रॅम फुटाणे 10, अन् 200 ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकरी 20 च्या आसपास. झाले की 90. सगळं इतवारीत एका चकरीत मिळते अन् व्हेच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तर्री पोहे तर आधीच व्हेगन आहेत, फक्त तर्रीतला चना डबल मागा. सावजीत पाटवडी रस्सा घ्या, वडाभातात तर भातावर डाळींचेच वडे असतात, त्यामुळे नागपुरात उपाशी राहायची वेळ येत नाही. लाखोळीची (खेसारी) डाळ मात्र रोजची करू नका, महिनोन् महिने तीच भरपूर खाल्ली तर पायातली ताकद जाऊ शकते, अन् पळणाऱ्याला पायच गेले तर काय उरलं.

बहुतेकांची चूक मात्र प्रोटीनमध्ये नसते, एकूण खाणंच कमी पडते. डाळी-भाज्यांच्या फायबरने पोट लवकर भरते अन् कॅलरी अर्ध्यावरच राहतात. म्हणून दिवसातून पाच वेळा खा, फल्ली-गुळाचा लाडू, खजूर, केळं खिशात ठेवा, भाजीत तेलाला घाबरू नका. जवसाची चटणी रोज दोन चमचे, ओमेगा-3 साठी, पण जवस कुटलेलाच पाहिजे, अख्खा तसाच बाहेर निघते. कॅल्शियमला तीळ अन् नाचणी. लोहासाठी चना, पालेभाजी अन् त्याच्यासोबत लिंबू नाहीतर संत्र, व्हिटॅमिन सी मुळे डाळी-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जाते. आपण संत्र्याच्या गावात राहून जेवणावर चहा ढोसतो, तो चहा तासभर पुढे ढकला, कारण तो लोह अडवते.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटक्यात ताकद देणारा पदार्थ, हा मुद्दा कोणी सांगत नाही. मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंमध्ये ते कमी असते, म्हणून स्प्रिंट किंवा वेटलिफ्टिंगवाल्यांना रोज 3 ते 5 ग्रॅमचा चांगला फायदा दिसू शकते, अन् पावडर बहुतेक फॅक्टरीत बनलेली, प्राण्यांपासून नाही. स्टेट-नॅशनल खेळत असाल तर मात्र कोणताही डबा कोचला दाखवल्याशिवाय अन् बॅच टेस्टेड (म्हणजे त्या बॅचची लॅबमध्ये बंदी असलेल्या पदार्थांसाठी तपासणी झालेली) आहे हे बघितल्याशिवाय उघडू नका, भेसळीमुळे डोपिंगमध्ये अडकले तर नाव तुमचंच खराब होते.

रेसच्या आदल्या रात्री उसळ-राजमा-तर्री बंद. साधा भात-वरण, आलूची भाजी. सकाळी कोरडे पोहे अन् केळं, तेही दोन-तीन तास आधी. एप्रिल-मेमध्ये पारा 45 कडे जाते तेव्हा ताकाच्या जागी कैरीचं पन्हं किंवा लिंबू-मीठ-साखर पाणी, मीठ विसरू नका.

बाहेरगावी टूर्नामेंट असेल तर आयोजकांच्या मेसमध्ये पनीर नाहीतर अंडं हेच दोन ऑप्शन असतात हे धरून चला. सोबत फुटाणे, फल्लीदाणे, सत्तू, जवस चटणी अन् बी12 ची पट्टी घ्या. तिथं पोचल्या पोचल्या मेसवाल्या काकांना भेटून सांगा की माझी डाळ तुपाच्या फोडणीआधी वेगळी काढा. आदल्या दिवशी सांगितलं तर करतात, ताट वाढल्यावर सांगितलं तर चिडतात.