नाटकातलं तुफान, भूगोलातला पाऊस

इंग्रजीचं नाटक आणि भूगोलातला पाऊस एकाच आठवड्यात आलाय? वही एकच ठेवा. डावीकडे नाटकातला शब्द, उजवीकडे भूगोलाची संज्ञा.

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’चा पहिलाच प्रवेश वादळात सापडलेल्या जहाजावर घडतो. ‘टेम्पेस्ट’ म्हणजे तुफान. त्यासमोर लिहा आवर्त पाऊस: मध्यभागी हवेचा दाब कमी, भोवतालची हवा आत येते, वर चढते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. (नाटकातलं तुफान जादूने उठवलेलं, ते सोडा.) मग पान झाकून हे मोठ्याने सांगा. बहुतेक जण ‘थंड होते’पाशीच अडखळतात.

आणखी एक गल्लत: जहाजावरचं तुफान ही ‘हवा’, म्हणजे त्या वेळची वातावरणाची स्थिती; साधारण ३० वर्षांची सरासरी स्थिती म्हणजे ‘हवामान’.